पाच हजारांतली एकही आपली नाही

पिल्लांची गाडी उन्हाच्या आधी यावी लागते. खोक्यात दाटीवाटीने बसलेली एका दिवसाची पिल्लं दिवसाच्या गरमीत गुदमरतात. संगमनेर तालुक्यातल्या या वस्तीवर गाडी आली तेव्हा झुंजुमुंजू व्हायला वेळ होता, पण घरातलं कुणी झोपलेलं नव्हतं. दोघे भाऊ खोकी उतरवत होते. दोघी जावा शेडमध्ये अंथरलेल्या वर्तमानपत्रांवर मक्याची भरड पसरत होत्या. आजी बादलीतलं गुळाचं पाणी तांब्याने लाल-पांढऱ्या भांड्यांत ओतत होती. प्रवासाने थकलेल्या पिल्लाला आधी गुळाचं पाणी द्यायचं, खाणं नंतर. एका खोक्यात शंभर पिल्लं आणि वर दोन जास्तीची. ती वाटेत मरतील त्यांच्या बदली.

पिल्लू अंड्यातून बाहेर पडतं ते पोटात उरलेला बलक घेऊनच. त्या शिदोरीवर ते दोन-तीन दिवस काही न खातापिता तग धरतं. निसर्गाने ही सोय केली ती आईने उरलेली अंडी फुटेपर्यंत घरट्यात बसून राहावं म्हणून. माणसाने तिचा उपयोग पिल्लं शेकडो किलोमीटर पाठवण्यासाठी केला. बलकाचा हा साठा नसता तर उबवणी केंद्र एका जिल्ह्यात आणि शेड दुसऱ्या जिल्ह्यात, असा धंदाच उभा राहिला नसता.

संपादकांनी अंकाचा विषय कळवला, ‘घरचे हात’. विणकर, कुंभार, पापडवाल्या बायका अशी नावं सुचत होती. मी कोंबड्या निवडल्या. महाराष्ट्रात शेतीला जोडधंदा म्हटलं की पहिल्या दोन-तीन नावांत पोल्ट्री येते, आणि त्या ‘जोड’ शब्दात कुणाकुणाचे हात जोडलेले आहेत हे मला बघायचं होतं.

बल्बाखालचं गाव

शेडच्या एका कोपऱ्यात पत्र्याचं गोल रिंगण, आत भाताच्या तुसाची बोटभर गादी, त्यावर कागद, वर बल्ब. शिवाय कोळशाच्या दोन शेगड्या तयार ठेवलेल्या, कारण ज्येष्ठातल्या वादळात लाइटचा भरवसा नाही. पिल्लांना पहिल्या आठवड्यात ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास ऊब लागते, पुढे दर आठवड्याला ती साधारण तीन अंशांनी कमी करत न्यायची. खांबाला थर्मामीटर टांगलेला आहे. धाकटी सून त्याच्याकडे बघतही नाही. ती पिल्लांकडे बघते. पिल्लं बल्बाखाली गठ्ठा करून बसली तर थंडी वाजतेय. पत्र्याला चिकटून चोच वासून धापा टाकत असली तर ऊब जास्त झाली. रिंगणभर विखरून टिपत असली तर सगळं ठीक.

उजाडल्यावर तिने चार-दोन पिल्लं उचलली आणि प्रत्येकाच्या गळ्याखालची पिशवी चिमटीत धरून पाहिली. मऊ आणि भरलेली लागली की दाणा-पाणी दोन्ही पोटात गेलं. टणक लागली की दाणा मिळाला, पाणी नाही. एका कोपऱ्यातली दोन पिल्लं टणक निघाली तशी तिने जावेला हाक मारून पाण्याचं भांडं तिकडे सरकवायला लावलं. ही तपासणी कंपनीच्या पुस्तिकेतही आहे. पुस्तिका थोरल्या भावाच्या कपाटात असते.

पहिले आठ-दहा दिवस रात्री शेडमध्ये कुणीतरी झोपावंच लागतं. दिवे गेले की पिल्लं घाबरून एकमेकांच्या अंगावर चढतात आणि खालची दबून मरतात. बाजूला सारणारा हात काही मिनिटांत पोचला नाही तर सकाळी घमेलं भरून मेलेली पिल्लं निघतात. “आम्ही पाळी लावतो झोपायला,” थोरला म्हणाला. शेडच्या दाराशी खाट होती. तिच्या उशाशी टिकल्यांचं पाकीट आणि नववीचं गणिताचं पुस्तक.

आजोबांचा भागाकार

घरातले आजोबा माळकरी. शेडमध्ये पाऊल ठेवत नाहीत, मात्र धंद्याची वही त्यांच्याकडे. गळ्यात तुळशीची माळ आणि मांडीवर कोंबड्यांचा जमाखर्च, यात त्यांना काही विसंगत वाटत नाही. “आपण कुठं खातो? आणि कोंबड्या तरी कुठं आपल्या?” असं त्यांचं दुहेरी समर्थन.

दुसरा भाग शब्दशः खरा आहे. या करार पद्धतीत पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, औषध कंपनीचं, देखरेखीला येणारा सुपरवायझर कंपनीचा. शेड, वीज, पाणी, तूस, कोळसा आणि राबणारी माणसं शेतकऱ्याची. चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी दोन किलोच्या आसपास भरलेला पक्षी कंपनीच उचलते आणि संगोपनाचे पैसे किलोमागे देते. शेतकऱ्याच्या मालकीचं शेवटी उरतं ते कोंबडखत. ते मात्र चांगलं विकतं, डाळिंबवाले आणि कांदेवाले ट्रॉली दारात आणून उभी करतात. तमिळनाडूतल्या कोइमतूरकडे नव्वदच्या दशकात रुजलेली ही पद्धत आता आपल्याकडे इतकी मुरली आहे की ‘पोल्ट्री टाकली’ म्हणजे कंपनीशी करार केला, हे न सांगता कळतं.

पक्षी कंपनीचा असल्याने मोजलेला असतो. कमी भरला तर हिशेबात दिसतो. त्यामुळे शेडमध्ये पाच हजार कोंबड्या फिरत असताना घरी पाहुणा आला की धाकटा भाऊ मोटरसायकल काढून संगमनेरातून अर्धा-एक किलो चिकन आणतो.

मी दर विचारला तेव्हा आजोबांनी वहीचं मागचं पान उघडून एक सरासरी बॅच मांडून दाखवली. ५,००० पिल्लं आली, त्यातली चार टक्के मेली असं धरू. उरली ४,८००. सरासरी दोन किलोने ९,६०० किलो माल. किलोला सात रुपये धरले तर ६७,२०० रुपये. त्यातून वीज, तूस, कोळसा, चुना, उचलीच्या रात्रीची वरखर्ची असे वीस हजार वजा. राहिले ४७,२००. पक्षी वाढवायचे पंचेचाळीस दिवस आणि शेड धुऊन, चुना मारून, जंतुनाशक फवारून पुन्हा तयार करायचे दहा, असे पंचावन्न दिवस. “दोघा पोरांना भागा,” आजोबा म्हणाले, “दिवसाला माणशी चारशेच्या वर रोज पडतो. शेतमजुरीपेक्षा वाईट नाय.”

भागाकार बरोबर होता. मी चौघांचा करून पाहिला. दिवसाला माणशी २१५ रुपयेही येत नाहीत. त्यात रात्रीची झोप, आजीचं गुळाचं पाणी आणि नववीतली मुलगी रोज संध्याकाळी मोबाइलवर भरते तो तक्ता धरलेला नाही. किती मेले, किती पोती खाद्य गेलं, दहा पक्ष्यांचं वजन किती भरलं, हे सगळं ती भरते. शेडच्या कर्जाचा हप्ता यातूनच जायचा आहे तो वेगळाच. मी आकडा वाचून दाखवल्यावर आजोबा म्हणाले, “बायांचं कशाला धरता? त्या तर घरीच असतात.” हे त्यांनी अजिबात खवचटपणे म्हटलं नाही.

एक पॉइंट सहा

बायका घरीच असतात म्हणजे काय करतात, तर पहाटे आधी मेलेले पक्षी वेचतात. कुजू द्यायचे नाहीत, रोग पसरतो. मग खाद्याची भांडी हलवतात. ती एक तृतीयांशच भरायची, काठोकाठ भरली तर पक्षी चोचीने उडवतात आणि तुसात गेलेलं खाद्य वाया जातं. भांड्याचा काठ पक्ष्याच्या पाठीच्या उंचीला हवा, म्हणून पक्षी वाढेल तसतशी दोरी वर घ्यायची. मग गादी खालीवर करतात. तूस ओलं राहिलं की त्यातून अमोनिया सुटतो, डोळे चुरचुरतात, आणि रक्ती हगवणीचे जंतू वाढतात ते वेगळेच. तूस येतं घोटीच्या भात गिरण्यांतून. वर भाडं लागतं, म्हणून ते पुरवून वापरायचं.

हे सगळं एका आकड्यात जमा होतं. “एक पॉइंट सहाच्या वर गेलं का कापतेत,” धाकटी म्हणाली. दोन किलोचा पक्षी तयार व्हायला तीन किलो दोनशे ग्रॅम खाद्य लागलं तर तो आकडा १.६ येतो. कंपनी पिल्लू, खाद्य आणि औषधाची आपली एक किंमत धरते आणि एक किलो पक्षी तयार व्हायला खर्च किती आला ते काढते. ठरलेल्यापेक्षा कमी आला तर वर काही पैसे, जास्त आला तर संगोपनातून वजा. म्हणजे खाद्याच्या भांड्याची दोरी कुणी किती वेळेवर वर घेतली यावर थोरल्या भावाच्या खात्यातली रक्कम ठरते. करार त्याच्या नावावर आहे, कारण सातबारा त्याच्या नावावर.

चैत्र-वैशाखात तर सगळं घरच शेडमध्ये असतं. कोंबडीला घाम येत नाही, ती धापा टाकून अंगातली उष्णता बाहेर टाकते. पारा चाळिशीला टेकला की भरलेले, वजनदार पक्षी आधी जातात, म्हणजे उचल चार दिवसांवर आलेले. म्हणून दुपारी खाद्य वर टांगून ठेवायचं, कारण पचनानेही अंग तापतं. पत्र्यावर उसाचं पाचट टाकायचं, बाजूच्या गोणपाटांवर पाणी मारायचं. शेडची लांबी पूर्व-पश्चिम ठेवतात ती ऊन आत शिरू नये म्हणून. ज्यांनी रस्त्याच्या सोयीने दक्षिणोत्तर बांधली ते दर उन्हाळ्यात पस्तावतात.

मग करार कशाला? थोरल्याचं उत्तर तयार होतं. पूर्वी तो स्वतःची पिल्लं आणून स्वतः विकायचा. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला. तिथल्या अंड्यांच्या फार्मवर लाखो पक्षी मारून पुरले गेले. नवापूर इथून दोनशे किलोमीटरच्या पुढे, एकही आजारी पक्षी इकडे आला नव्हता, पण चिकन खाणं सगळीकडेच थांबलं. तयार माल दावणीला बांधलेल्या जनावरासारखा शेडमध्ये अडकला, रोज खात राहिला. “कोंबडीला थांब म्हणता येत नाय. आज दोन किलोची उद्या सव्वादोन, अन् गिऱ्हाइकाला ती जड नको.” म्हणून करार. २०२० च्या सुरुवातीला करोना चिकनमधून होतो अशी आवई उठली तेव्हा स्वतःच्या हिमतीवर पक्षी पाळणाऱ्यांनी ते मिळेल त्या भावात विकले, काहींनी फुकट वाटले, काहींनी खड्डे काढून पुरले. याच्या शेडमधल्या पक्ष्यांचा तोटा कंपनीने सोसला. पुढचे काही महिने पिल्लं आली नाहीत, तेवढं त्याच्या वाट्याला.

म्हणजे भावाचा धोका त्याने दिला आणि बदल्यात पक्ष्यांवरची मालकी सोडली. व्यवहार म्हणून मला हा मूर्खपणा वाटत नाही. फक्त हा सौदा करताना घरातल्या आणखी एका मालकीचं काय झालं, ते वहीत नव्हतं.

गटारीपासून उलटं मोजायचं

त्याआधी थोडं पंचांगाबद्दल. पिल्लं कधी टाकायची हे कंपनी ठरवते आणि कंपनी कालनिर्णय बघते. आषाढ अमावास्येला, म्हणजे गटारीला, राज्यभर कोंबडीला सर्वांत जास्त मागणी. तिथून चाळीस दिवस मागे मोजत आलं की ज्येष्ठ वद्य पंचमीच्या आसपासची तारीख येते. मी उतरताना पाहिली ती हीच पिल्लं. पुढे श्रावण, मग गणपती, पितृपंधरवड्यानंतर नवरात्र, नंतर मार्गशीर्षातले गुरुवार. महाराष्ट्रातला खाणारा माणूस जितके वार पाळतो तितके दिवस शेडचा मालक रिकामा बसतो. हप्ता वार पाळत नाही.

कोकणात मात्र गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो तिथे गणपतीतही कोंबडी कापली जाते, आणि गावोगावच्या राखणदारांना कोंबडा लागतोच. पण देवांना कंपनीचा पक्षी चालत नाही. मान ताठ, तुरा लाल, आरवता आणि नवस बोलला असेल त्या रंगाचा कोंबडा हवा. ब्रॉयलर पक्षी पांढराच, आणि आरवण्याच्या वयापर्यंत त्याला कुणी ठेवतच नाही. देवस्थानांच्या या आवडीनिवडीमुळे गावरान कोंबड्याचा भाव अजून टिकून आहे, हे पशुसंवर्धनाच्या कुठल्याही अहवालात आलेलं नाही.

सुनेच्या कोंबड्या

धाकटी लग्न होऊन आली तेव्हा माहेरून एक तलंग, म्हणजे तरुण कोंबडी, आणि एक कोंबडा घेऊन आली होती. चार वर्षांत त्यांच्या चौदा कोंबड्या झाल्या. अंडी गावातल्या दुकानात जायची, कोंबडा गिऱ्हाईक घरी येऊन न्यायचं. पैसे तिच्याकडे. शाळेची वही, मुलीच्या कानातलं, माहेरी जायचं एसटीचं भाडं यासाठी तिला कुणाला विचारावं लागत नव्हतं. कराराची शेड झाली आणि सुपरवायझरने पहिल्याच भेटीत अंगणातल्या कोंबड्यांकडे बोट दाखवलं. करारात अट आहे, आवारात दुसरा एकही पक्षी नको. अट शास्त्राला धरून आहे. मोकळी फिरणारी कोंबडी उकिरड्यावरून, रानपाखरांच्या विष्ठेतून रोग आणते आणि तिच्या पायाला लागून तो शेडमध्ये जाऊ शकतो. एका बाजूला चौदा कोंबड्या, दुसऱ्या बाजूला पाच हजार. निर्णय घ्यायला घराला फार वेळ लागला नाही.

“विकून टाका म्हणले. मी नाय विकल्या,” ती म्हणाली. “आईकडं नेऊन सोडल्या. अर्धलीनं.” अर्धलीने म्हणजे कोंबडी हिची, सांभाळ आईचा, आणि पिल्लं निम्मी निम्मी. शेळ्यांमध्ये हा व्यवहार सगळीकडे चालतो. आई-लेकीतही तो चोख असतो, कारण हिशेब असला की भावजय बोलत नाही.

तिचं माहेर अकोले तालुक्यात, राजूरच्या वरच्या अंगाला. मी तिकडे निघाले तेव्हा भाद्रपद लागला होता.

खुडूक

प्रवरेच्या काठाने वर जाताना ऊस आणि डाळिंब मागे पडतात आणि भातखाचरं सुरू होतात. मावशींच्या, म्हणजे धाकटीच्या आईच्या, घरामागे बांबूच्या ताट्यांचं खुराडं होतं, जमिनीपासून हातभर उंच, मुंगसाला शिरता येऊ नये म्हणून. कोंबड्या दिवसभर खाचराच्या बांधावर, उकिरड्यावर, गोठ्यात. घरातून त्यांना मिळतं ते मूठभर भाताची कणी, कधी नागलीचा कोंडा, ताटातलं उरलेलं. बाकी किडे, वाळवी, गवताचं बी त्या स्वतः मिळवतात. म्हणून या पद्धतीत खर्च जवळपास शून्य आणि म्हणूनच संख्या वाढवता येत नाही. एका उकिरड्यावर दहा-पंधरा कोंबड्यांचं भागतं. पन्नास केल्या की दाणा विकत आणावा लागतो आणि गणित कोसळतं. शहरातून गावी परतून ‘गावरान फार्म’ काढणारे तरुण इथेच फसतात.

माजघरात अंधाऱ्या कोपऱ्यात डाल्याखाली एक कोंबडी खुडूक बसली होती. गावरान कोंबडी बारा-पंधरा अंडी देते आणि मग अंगाला ऊब चढून बसते. एकवीस दिवस उबवण, पुढे दोन-अडीच महिने पिल्लांमागे. तेवढा काळ अंडी बंद. वर्षाला अशा तीन-चार फेऱ्या, म्हणून तिची वर्षाची अंडी पन्नास-साठच्या आसपास. पिंजऱ्यातली लेअर कोंबडी तीनशेच्या वर देते ती मुख्यतः तिच्यातलं खुडूकपण निवडीने काढून टाकलं म्हणून. हवी तेव्हा मावशीही खुडूक मोडतात. कोंबडीला पाण्यात बुचकळतात, नाकपुडीत पीस खुपसतात, दोन-तीन दिवस उजेडात बांधून ठेवतात. पावसाळ्याच्या तोंडाला मोडतात, कारण ओलीत पिल्लं जगत नाहीत. ही बसू दिली, कारण पिल्लं बाहेर पडतील तेव्हा पाऊस ओसरत आलेला असेल आणि पुढे खळ्यावर दाणाच दाणा.

डाल्यात भाताचा पेंढा, खाली चुलीतली राख, उवा होऊ नयेत म्हणून. अंड्यांमध्ये कोळशाचा तुकडा आणि लोखंडी खिळा, विजेच्या कडकडाटाने अंडी नासू नयेत म्हणून. राखेचा उपयोग मला पटला, खिळ्याचा नाही. मावशींनी दोन्ही सारख्याच निष्ठेने ठेवले होते. सातव्या-आठव्या दिवशी त्या अंडं मोबाइलच्या बॅटरीवर धरतात. आत लाल शिरा दिसल्या तर ठेवायचं, नुसतं पारदर्शक दिसलं तर काढून घ्यायचं. तलंगेची पहिली छोटी अंडी कधीच बसवत नाहीत. ऊब आणि दमट हवा कोंबडी सांभाळते, अंडी दिवसातून अनेकदा चोचीने फिरवते, म्हणजे आतला जीव कवचाला चिकटत नाही. उबवणी केंद्रातलं यंत्र हीच तीन कामं करतं.

डाल्यातली तेरा अंडी मात्र सगळी एका जातीची नव्हती. काही मोठी, गडद तपकिरी होती.

बसणारी आणि न बसणारी

ती अंडी सरकारी कोंबड्यांची होती. जिल्हा परिषदेच्या योजनेत २५ तलंगा आणि ३ नर असा गट अनुदानावर मिळतो. त्यातल्या काही पाड्यावर आल्या होत्या. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेची वनराजा, बेंगळुरूची गिरिराजा अशा सुधारित जाती परसात पाळण्यासाठीच तयार केलेल्या आहेत. रंगीत पिसं, अंगाने जाड, आणि अंडी गावरानपेक्षा जवळपास दुप्पट. अडचण एकच. त्या खुडूक बसत नाहीत, बसल्या तरी निभावत नाहीत. मग दोन वर्षांनी त्या म्हाताऱ्या झाल्या की पुन्हा अर्ज, पुन्हा पुण्या-नाशकाकडून पिल्लं. शिवाय जड असल्याने घार आली की पळता येत नाही. गावरान कोंबडी एक विशिष्ट आवाज काढते आणि पिल्लं क्षणात बुडख्याखाली दिसेनाशी होतात. सरकारी कोंबडीला तो आवाज काढावा लागतो हेच ठाऊक नसतं.

पाड्यावरच्या बायकांनी यावर शोधलेला उपाय साधा आहे. अंडी सरकारीची, ऊब गावरानची. पिल्लं जातीने जाड, पण वाढवलेली शहाण्या आईने, त्यामुळे घारीला दबून राहायला शिकतात. योजनेच्या कागदात हे नाही. संशोधकांना मात्र ते चांगलं माहीत आहे. गावरान कोंबडी टिकली नाही तर सुधारित जातीही परसात टिकत नाहीत, असं मला एका पशुवैद्यक अधिकाऱ्याने सरळ सांगितलं.

परसातली कोंबडी संपत चालली आहे असं आपण गृहीत धरतो. २०१९ च्या पशुगणनेत देशात एकूण ८५ कोटींच्या वर कुक्कुट पक्षी मोजले गेले. त्यातले ३१ कोटींहून जास्त परसातले होते, आणि आधीच्या गणनेपेक्षा त्यांची वाढ सुमारे ४६ टक्के होती. व्यापारी फार्मवरच्या पक्ष्यांची वाढ त्या काळात जेमतेम साडेचार टक्के. यात योजनांच्या वाटपाचा वाटा मोठा असणार, पण घेणाऱ्या बाया असल्याशिवाय वाटप होत नाही.

गावरानच्या नावाने फसवणूकही भरपूर. राजूरच्या बाजारात कोंबडा नगावर विकतात, तागडीवर नाही. हातात धरून छातीचं हाड चाचपायचं, पायाची नखी बघायची. नखी आखूड आणि बोथट असेल तर म्हातारपणाचा संशय नको. शहरात मात्र तपकिरी कवच दिसलं की गिऱ्हाईक दुप्पट पैसे मोजतं. कवचाचा रंग जातीवर ठरतो, पिंजऱ्यातल्या कोंबडीचंही अंडं तपकिरी असू शकतं. बलकाचा रंग खाण्यावर ठरतो, मका आणि पाला खाल्ला की तो केशरी होतो. आणि मोठी फसवणूक आठवायची तर कडकनाथची. मध्य प्रदेशातल्या झाबुआची ही काळी कोंबडी, २०१८ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच सुमारास सांगली-कोल्हापूरकडे पिल्लं विकून अंडी आणि कोंबड्या चढ्या भावाने परत घेऊ अशा बोलीवर शेतकऱ्यांकडून पैसे गोळा केले गेले आणि २०१९ मध्ये प्रकरण पोलिसांत गेलं. लोकांनी दागिने मोडून पैसे भरले होते. कोंबडी खरीच होती, गिऱ्हाईक खोटं होतं.

बर्फ कुणी आणायचा

गावरान पाळणाऱ्या बाईचं खरं नुकसान घार करत नाही, मानमोडी करते. राणीखेत हे तिचं पुस्तकी नाव. ऋतू बदलताना येते. कोंबडी झुरते, हिरवट हगते, मान पिळते आणि दोन दिवसांत आख्खं खुराडं रिकामं होतं. लस स्वस्त आहे, वर्षानुवर्षं उपलब्ध आहे. तरी पाड्यांवर ती पोचत नाही याचं कारण बाटली. एका बाटलीत शंभर पक्ष्यांची लस, ती थंड राहिली पाहिजे, आणि पाण्यात कालवली की दोनेक तासांत संपवली पाहिजे. नऊ कोंबड्यांची मालकीण शंभरची बाटली कशी घेणार?

इथे राज्य सरकारच्या ‘उमेद’ अभियानाच्या बचतगटांतून तयार झालेली एक पशुसखी आहे, पस्तिशीची. ती पाड्यावरच्या सगळ्यांची मिळून बाटली आणते. वेळ पहाटेची, खुराडी उघडायच्या आधी. एकदा कोंबड्या सुटल्या की हाती लागत नाहीत. आदल्या दिवशी राजूरहून थर्मासमध्ये बर्फ आणायचा, अंधारात कंदील आणि बॅटऱ्या घेऊन घरोघर फिरायचं. लहान पिल्लाच्या डोळ्यात एक थेंब, दोन महिन्यांवरच्या कोंबडीला पंखाखाली टोचायचं. दर पक्ष्याला दोन रुपये. बर्फाचे आणि एसटीचे पैसे यातूनच सुटायचे असतात. ते सुटतातच असं नाही.

मी होते त्या पहाटे मावशींच्या खुराड्यासमोर वाद जुंपला. लेकीच्या वाटच्या कोंबड्यांचे पैसे मावशींनी वेगळ्या गाठीतून काढून दिले, आपल्या वाटचे वेगळे. शेजारच्या म्हाताऱ्या बाई मात्र आपला तुरेवाला कोंबडा टोचायला द्यायला तयार होईनात. दसऱ्याला त्याला कापायचाच आहे, मग दोन रुपये पाण्यात कशाला घालायचे?

“महिना आहे अजून दसऱ्याला,” पशुसखी म्हणाली. “मधेच तो झुरला तर कापायला कोण देईल? अन् जाताना एकटा जायचा नाय, माझ्या या साठ टोचलेल्यांतल्या कच्च्या पिल्लांनाही घेऊन जाईल.”

म्हाताऱ्या बाईंनी तिच्याकडे, मग कोंबड्याकडे पाहिलं. “नवसाचा आहे तो. सुईचा डाग चालंल का देवाला?”

“पंखाखाली टोचते. देव पंख उचलून बघत नाय.”

दोन रुपये नव्हतेच. एक अंडं मिळालं. पशुसखीने ते ओढणीच्या टोकात बांधलं, वहीत त्या घरापुढे ‘अंडं १’ असं लिहिलं आणि बर्फ वितळायच्या आत उरलेली घरं करायला पुढे निघाली.